सशाची गर्दी

(वॉशिंग मशीन फिरायचं थांबतं, टुणटुण वाजतं आणि गप्प होतं. दुपार. टेबलाशी ती, खिडकीशी तो.)

ती : कपडे वाळत घालतोस का?

तो : घालतो. आधी सांग, आला का फोन?

ती : आला असता तर तुला ऐकू आलाच असता. आपलं घर काय राजवाडा आहे?

तो : चारला द्यायचंय ना तुला?

ती : चारला पहिल्या दहा सिनेमांची यादी साहेबांकडे गेली पाहिजे. नाहीतर साप्ताहिकाचं ते पान कोरं जाईल आणि माझ्या नावाने शंख होईल. बाकी सगळ्या थिएटरांचे आकडे आले. फक्त मॅनेजरकाकांचं राहिलंय.

तो : पहिला कोण?

ती : तुला कशाला?

तो : सहज. अख्ख्या देशाने या आठवड्यात काय बघितलं ते या टेबलावर ठरतं, आणि मी काय ते परवा विकत घेऊन वाचू?

ती : हळू बोल, पिलू आत्ताच झोपलीय. पहिला गाड्यावालाच. चौथा आठवडा.

तो : उडणाऱ्या गाड्या.

ती : आता पाण्याखालूनही जातात म्हणे.

तो : दुसरा?

ती : ससा. पोरांचा तो, कार्टूनचा. तिसरं भूत. मग ते कोर्टातलं रडगाणं.

तो : आणि याला लोकांची आवड म्हणायचं.

ती : म्हण की. लोक घरातून निघतात ते सिनेमा बघायला. अमुकच बघायचा असं ठरवून निघणारे कमीच. दारात आल्यावर जो खेळ लगेच सुरू होतोय त्याचं तिकीट काढतात. गाड्यावाल्याला एकेका थिएटरात तीन-तीन पडदे आहेत, त्यामुळे तो सारखा लगेचच सुरू होत असतो. मग मी लिहिते, पहिला. ते वाचून थिएटरवाले पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यालाच पडदे देतात.

तो : म्हणजे तूच करतेस त्याला पहिला.

ती : हो, मीच. सगळ्या जगाचं खापर फोड माझ्या डोक्यावर, तेवढंच राहिलंय.

तो : आणि दहाच्या खालचे?

ती : ते शुक्रवारी पडद्यावरून उतरतात. तुला माहीत आहे.

तो : माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझी डेपोवाली कितवी?

ती : काकांचं थिएटर सोडून धरली तर अकरावी.

तो : अकरावी.

ती : बस डेपोत माइकवर गाड्या पुकारणारी एक बाई, तिचा आवाज बसतो, आणि त्यावर दोन तासांचा सिनेमा. त्याला देशात अकरावा नंबर मिळाला तर खरं म्हणजे पाठ थोपटून घ्यायला हवी.

तो : थोपट मग. दहावा कोण आहे?

ती : त्या दोन बहिणी. दीपगृहात राहणाऱ्या. तो काढणाऱ्या बाईचाही तुझ्यासारखा पहिलाच सिनेमा आहे.

तो : फरक किती?

ती : थोडकाच. एखादा हॉल आठवडाभर बऱ्यापैकी भरला तर मिटेल एवढा.

तो : म्हणजे सगळं काकांच्या हॉलवर आहे. आणि त्यांनी फोन उचललाच नाही तर?

ती : तर नियम आहे.

तो : कसला?

ती : माझं लग्न झाल्यापासून दर सोमवारी हेच चालतं या घरात आणि तू विचारतोस कसला.

तो : तुझे फोन ऐकतो गं. कान देत नाही.

ती : ते दिसतंच. ज्याचा आकडा वेळेत येत नाही, त्याच्या त्या पडद्याला मागच्या आठवड्यात जेवढे लोक आले तेवढेच याही आठवड्यात आले असं धरायचं. खाली बारीक अक्षरात ‘अंदाजे’ लिहायचं.

तो : मागच्या आठवड्यात त्या पडद्यावर काय होतं?

ती : ससा.

तो : ससा.

ती : हसू नकोस.

तो : हसत नाहीये. म्हणजे सशाची सगळी गर्दी माझ्या डेपोवालीच्या पदरात?

ती : नियमाने, हो.

तो : मग दहावी कशाला, नववी येईल ती.

ती : आठवी येते. मघाशी करून बघितलं.

तो : करून बघितलंस?

ती : बघितलं. मग खोडलं.

तो : का खोडलंस? नियम तुझा नाही, साहेबांचा आहे. फोन न उचलणारे काका. ससा कोणी तिसऱ्यानेच काढलेला. यात तू कुठे खोटं बोलतेस?

ती : मी शनिवारी तिथे होते.

तो : हो, पिलूला घेऊन. मीच दिले होते पास. आल्यावर म्हणालीस की, बरी होती गर्दी.

ती : म्हणाले खरी.

तो : अगं बोल ना. किती होते?

ती : नको रे.

तो : सांग.

ती : आम्ही दोघी. मागे एक आजोबा, ते झोपले होते. आणि एक जोडपं, ते मध्यंतरात गेलं ते परत आलंच नाही.

तो : मध्यंतरानंतरच तर डेपोवाली स्वतःचं नाव...

ती : माहीत आहे मला. कागदावर होती तेव्हापासून माहीत आहे.

तो : आणि तू घरी येऊन मला सांगितलंस, बरी होती.

ती : तू दारात उभा होतास. अंगात तोच निळा शर्ट, पहिल्या खेळाला घातलेला. काय सांगायचं होतं मी?

तो : काही नाही. बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं.

ती : मला एक सांग. काका आजवर सोमवार चुकलेले नाहीत. पिलू झाली त्या आठवड्यात दवाखान्यात फोन करून आकडे दिले त्यांनी, नर्स ओरडली माझ्यावर. तेच काका आज सकाळपासून उचलत नाहीत. तू काही बोललास का त्यांच्याशी?

तो : म्हणजे?

ती : म्हणजे तेच.

तो : मी त्यांच्या पाया पडलो असेन, काका फोन उचलू नका, असं? एवढीच ओळख का माझी? अगं, हा नियमच मला आत्ता कळला.

ती : चुकलं माझं. सकाळपासून डोकं फिरलंय.

तो : फिरू दे. लाव परत.

ती : तो नाही, दुसरा लावते. थिएटरात खाली पॉपकॉर्न विकतो ना, त्याचा नंबर आहे माझ्याकडे. हॅलो, दादा, मी आकडेवाली. काका आहेत का तिथे? समोरच बसलेत? द्या की जरा. नाही म्हणतात? त्यांना सांगा, पोरगी रडतेय.

तो : रडतेय?

ती : गप. येतायत.

तो : स्पीकरवर टाक.

काका : काय गं, रडतेस कशाला?

ती : रडत नाहीये काका. तुम्ही उचलत नव्हता.

काका : लबाड. अगं, मी मुद्दामच उचलत नव्हतो. हाडं झिजली माझी या थिएटरात, पण एक सोमवार चुकवला नाही. या वेळी म्हटलं, एकदा चुकवून बघू. चांगलं करायला गेलं की नेहमी काहीतरी करावं लागतं बघ. इथे नुसतं गप्प बसून होत होतं. इतकं स्वस्तातलं पुण्य परत कधी मिळायचं?

ती : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

काका : मागच्या आठवड्यात ससा होता, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार? आठवडाभर खुर्च्यांखालून चॉकलेटचे कागद काढत होतो. तू आपलं ‘अंदाजे’ लिही आणि मोकळी हो.

ती : काका, आकडा सांगा ना.

काका : पोरी, सांगितला की तो पक्का होतो. नाही सांगितला तर अजून काहीही असू शकतो. राहू दे की तसाच. चार वाजायला आलेत.

ती : मला काय करायचं ते कळत नाहीये. खरंच कळत नाहीये. याच्याकडे बघितलं की एक वाटतं, कागदाकडे बघितलं की दुसरं.

काका : मग कागदाकडे बघू नकोस. लेखकमहाशय आहेत का शेजारी?

तो : आहे काका. सांगा तिला आकडा.

काका : अरे, तुझ्यासाठीच चाललंय सगळं.

तो : ते कळलं मला. फार बरं वाटलं, खोटं नाही सांगत. पण आठवी आली तरी शुक्रवारी परत तुमच्याच हॉलला लागेल. पुन्हा रिकाम्या खुर्च्या. पुढच्या सोमवारी परत पॉपकॉर्नवाल्याकडे लपून बसणार का तुम्ही?

काका : बसलो असतो. खायला मिळतं इथे.

तो : आणि त्या दीपगृहवाल्या बहिणी उतरतील. त्यांची माणसं थोडी असतील, पण तिकीट काढून, दारातून आत आलेली आहेत. माझ्या सशांनी त्यांना बाहेर काढायचं का?

ती : तू नक्की म्हणतोयस?

तो : नक्की कसलं. आज संध्याकाळपर्यंत दहा वेळा पस्तावेन. म्हणून आत्ताच लिहून टाक.

काका : घ्या मग. एकेचाळीस. आठवड्याचे सगळे मिळून. पासवाले सोडून, ते धरायचे नसतात, तुला सांगायला नको.

ती : एकेचाळीस.

काका : त्यातला एक माणूस दोनदा आलाय बरं का. शनिवारी दुपारी एक आजोबा येऊन झोपले होते. कोणाच्या तरी आवाजाने जागे झाले म्हणे. तेच रविवारी परत आले, पुन्हा तिकीट काढून. म्हणाले, पुढचा भाग आवडला, आता पहिला बघतो.

तो : काय म्हणाले?

काका : आवडला म्हणाले. जाताना मला विचारलं, त्या बाईचा आवाज परत येतो की नाही? ते नीट दाखवलेलं नाही. मी म्हटलं, ज्याने काढला त्यालाच विचारा. म्हणाले, त्याला सांगा, मला वाटतं येतो. चला, ठेवतो. खेळ सुरू करायचाय.

तो : ठेवला त्यांनी.

ती : हं.

तो : मुद्दाम नाही दाखवलं मी ते.

ती : माहीत आहे. मी तेव्हाही म्हणाले होते, दाखव.

तो : तू म्हणाली होतीस, उगाच कोड्यात टाकू नकोस लोकांना.

ती : टाकलंस ना एकाला. पाठवू यादी?

तो : पाठव. मी कपडे घालतो वाळत.

ती : गेली. आणि चिमटे घेऊन जा, मागच्या वेळी तुझा शर्ट खालच्यांच्या गॅलरीत सापडला होता. अगं, तू कधी उठलीस?

पिलू : मशीन वाजलं तेव्हाच. मी पडून होते नुसती. आई, बाबाचा कितवा नंबर आला?

ती : अकरावा.

पिलू : तुझ्या कागदावर तर दहाच असतात.

ती : दहाच.

पिलू : मग अकरावा कुठे लिहितात?

तो : लिहीत नाहीत पिल्या. तो मनात ठेवायचा.

पिलू : तू मध्ये बोलू नको, मी आईला विचारतेय. आई, आपण दोघी गेलो होतो ते धरलं का?

ती : नाही राणी. आपण पासावर गेलो होतो ना? तिकीट काढून येतात त्यांनाच मोजतात.

पिलू : पण मी हसले होते. ती बाई माइकवरून स्वतःच्याच नावाने हाक मारते, इथे या, इथे या म्हणते, तेव्हा. तू म्हणालीस हळू, मागचे आजोबा उठले बघ.

तो : ती हसली होती?

ती : मोठ्यांदा.

पिलू : तेही नाही मोजलं?

ती : तसं मोजत नाहीत गं कुणी.

पिलू : मग ते कुठे गेलं, आई?