शिटी मारणारा नळ

राजनंदिनीचं बारसं झालं त्या वर्षीची गोष्ट. नातीच्या बारशाला केराबाई सोलापूरहून वैरागच्या एसटीत बसल्या. कडाक्याची थंडी होती. पुढच्या बाकावर सुगराबी नावाची म्हातारी नळवाल्या सलमानला शेजारी बसवून घेऊन निघाली होती.

“खाला, नळ गळतो का अजून?”

“थेंब गळत न्हाय. म्हणून तर तुला न्यायला आले.”

“मग बिघडलं काय?”

“पानी यायच्या आदी जुना नळ शिटी मारायचा. अख्खी गल्ली घागरी घिऊन उठायची. तुझ्या नव्या नळातनं पानी गुमान आलं न् गुमान गेलं!”

“मोबाइलला गजर लावा की.”

“पान्याची येळ ठरल्याली हाय व्हय? असल्या गारठ्यात कोन जागत बसंल? उद्या माझ्या घरी आफरीनचं लगीन, न् टाकी कोरडी. वऱ्हाडाला काय पाजू?”

“जुना नळ फेकला असंल की तुमी.”

“फेकतीय! हा बग, पदरात बांधलाय.”

“आतला वायसर लई झिजलाय, खाला. नवा टाकतो.”

“हात तर लावून बग! हाय तसाच बसव.”

मागच्या बाकावर केराबाईंनी पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, लेकीच्या घरी, मागच्या गल्लीतून लांबलचक शिटी ऐकू आली. केराबाई पांघरूण भिरकावून उठल्या.

“सुकन्या, ऊठ! घागरी काढ! पाणी आलं!”

तो नळ अजून कुणी बदललेला नाही. सुगराबी गेल्या वर्षी माघात वारल्या.