कोमट पाणी

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरून आलेले पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्या तरी न कुरकुरता मागे उभ्या राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज आपल्या मावशी निवृत्त होत आहेत. पाहुण्यांसाठी सांगते, आम्हा ज्यूंमध्ये दफनापूर्वी मृताला न्हाऊ घालतात. त्याला ताहारा म्हणतात, म्हणजे शुद्धी. बाईला बायकाच न्हाऊ घालतात, आणि इथं ते काम आजवर मावशींनी सांभाळलं. चिवट बाई! पाठ धरली, पण बादली सोडली नाही.

माझी आई गेली तेव्हा मी त्या खोलीच्या दाराबाहेर उभी होते. लेकीनं आत जायचं नसतं. मावशी बाहेर आल्या आणि मी वेड्यासारखं विचारलं, "पाणी फार गार नव्हतं ना?"

"कोमट होतं गं. आधी मनगटावर घेऊन बघितलं."

"पण तिला काय कळणार, मावशी?"

"तिला नसेल कळत, मला कळतं ना! तुला पहिली आंघोळ घालताना तुझ्या आईनंही असंच बघितलं असेल. तुला तरी कुठं काही कळत होतं?"

जन्ममरणावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, अध्यक्षांचीसुद्धा. राग मानू नये, पण मला कळलं ते त्या मनगटामुळे. येताना काय, जाताना काय, आपण दुसऱ्याच्या हातात असतो.

आणि एवढं कळूनही मघाशी मी काय केलं? गुच्छ घ्यायला मावशींनी हात पुढे केले, आणि मी तो टेबलावर ठेवला. ते हात कशाकशाला लागले असतील, असं मनात आलं. अहो, माझ्या आईला लागलेले हात! मावशींनी ते हळूच मांडीवर घेतले आणि हसल्या. तेव्हापासून मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुमच्यापैकी किती जण त्यांच्या हातचा चहा घेतात? सांगू नका. मला माझंच पुरे आहे.

सगळं उरकलं की मावशी मृताला नावानं हाक मारून म्हणतात, तुझा मान राखण्यात आमचं काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर. तिथून उत्तर येत नाही. मावशी, तुम्ही मात्र समोर बसला आहात, नाही म्हणू शकता. म्हणून माझी जीभ अडखळतेय.

संयोजकांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलणं लांबलं, वाकडं गेलं, तर पदरात घ्या. अध्यक्षांची परवानगी असेल तर तो गुच्छ मी पुन्हा देते. मावशी, हात द्या ना.

मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. मावशी म्हणतायत, "किती गार पडलेत गं हात तुझे!" आणि सोडत नाहीयेत.