जीवशास्त्राचे चौदा मार्क

—चौदा! तीसपैकी चौदा! हासता काऊन सर, मी काय जोक सांगून राह्यलो? बसा त्या स्टुलावर, प्राचार्य यायचे हायेत अजून. चहा घ्या. भेऊ नका जी, निस्ता चहाच हाय. मले ओळखलं ना? लटारू — लॅबचा शिपाई. मागच्या फेब्रुवारीत तुम्ही असेच चंद्रपुरातून आल्ते, बारावीचं प्रॅक्टिकल घ्याले, बाहेरचे परीक्षक म्हनून, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या ट्रकांची लाल धूळ डोक्यावर घेऊन — मले वाटलं मारुतीच उतरला बसमधून. अन् साऱ्या पोट्ट्याइले अठ्ठावीस, एकोणतीस वाटून गेले. तो दिनेश, ज्याले बेडकाचं तोंड कोन्तं अन् बूड कोन्तं हे कळत नाई, त्याले एकोणतीस! अन् बुधरीले चौदा.

आता तुम्ही म्हनान, चौदानं काय होते, पास तं झाली ना? झाली. डॉक्टरकीची ते नीट परीक्षा बी पास झाली! माडिया आदिवासी पोरगी, बाप तेंदूपत्ता तोडते, घरात कोनी शाळेचं तोंड नाई पाह्यलं, इथी दोन वर्षं फिजिक्सले मास्तर नव्हता तं एकटीच पुस्तक उलटंसुलटं करत बसे — अन् नीट पास! सरकारी मेडिकलले नंबर लागून राह्यला होता जी. कागद तपासाच्या दिवशी मी गेल्तो सोबत नागपूरले, कारन तिच्या बापाले मराठी धड येत नाई अन् मले लाज कोनाचीच येत नाई. खिडकीतल्या बाईनं मार्कशीट पाह्यली, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हीची बेरीज केली अन् पेन खाली ठेवला. म्हने, तीनशेपैकी एकशे वीस पाह्यजे, हिचे एकशे एकोणवीस हायेत. एक! एक मार्क, सर! मी सातवी फेल, पन एवढी बेरीज मले बी येते — तुमच्या चौदाच्या जागी पंधरा पाह्यजे होते, बस. तिनं कागद उचलून पिशवीत घातले. बसमधी बसल्यावर म्हने, मामा, तुम्ही सकाळपासून काई खाल्लं नाई ना? मले विचारते! मले!

अन् काऊन देल्ले चौदा? नाई, तुम्ही सांगू नका, मीच सांगतो. ओळखाच्या दहा वस्तू मांडल्या होत्या टेबलावर, अन् एक अकरावी बाटली जास्तीची. तिच्यात काळं-नारंगी फळ. तुम्ही ते उचललं, नखानं फोडलं, अन् तोच हात ओठाकडं. तशी बुधरी लिहिनं सोडून ओरडली — सर, तोंडाले हात लावू नका, भिलावा हाय, फोड येते! पोट्टे हासले. लय हासले. ही मात्र होस्टेलात पळत गेली, खोबऱ्याचं तेल आनलं, तुमचं बोट धरून लावाले लागली, तं तुम्ही हात झटकला. कोनं ठेवलं हे, म्हनून गरजले. अवो, अख्ख्या लॅबमधी एका पोरीनं डॉक्टरकी केली, अन् तिलेच चौदा! राग कोनाचा, काढला कोनावर! मानूस हायेत का —

काय म्हनता? तिनंच ठेवलं होतं, असं तुम्हाले सांगतलं होतं? माहीत हाय. कोनं सांगतलं ते बी माहीत हाय. — असे काऊन पाह्यता? मीच ना जी. मीच ठेवतो दरसाली एक जिन्नस जंगलातला, सतरा वर्षं झाले. एका सरनं लाखेले कोळसा म्हनलं होतं, एक बाई सापाच्या कातीले प्लास्टिक म्हने. मंग हळूच बाहेर येऊन इचारते, लटारू, काय होतं रे ते? मंग मी आधी तंबाखू मागतो अन् मंग सांगतो. एवढीच माही मजा. त्या दिवशी तुम्ही गरजले अन् माह्या तोंडातून निंगालं — जंगलाकडची पोरगी हाय सर, तिनंच आनलं असन. हासत हासत म्हनलो. वाटलं, तुम्ही बी हासान. तुम्ही पेन काढला. अन् मी... मी परीक्षानळ्या धूत राह्यलो. धुतलेल्याच परत धुतल्या. नागपूरच्या खिडकीत बी नाई बोललो. बसमधी बी नाई. अन् तिले ठावं नसन असं वाटते तुम्हाले? आदल्या दिवशी मी भिलावे तोडत होतो तं तीच झाडाखाली उभी होती, म्हने, मामा, हातपाय सांभाळा. तिनं माहं नाव कोनाजवळ घेतलं नाई, सर. वर्षभर. एकदाबी नाई. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं!

आता आज परत प्रॅक्टिकलले बसून राह्यली ती, मार्क वाढवाच्या श्रेणीसुधार परीक्षेत. मी दयेचा मार्क नाई मागत, समजलं? तिच्या हाताले जेवढे येतीन तेवढे द्या, पन माह्या तोंडाचे कापू नका. अन् माही तक्रार करा. नाई, कराच! मी सही करून देतो, सही येते मले. मेमधी रिटायर होतो, पेन्शन अडली तं अडली. नाई, हासू नका. मान बी हालवू नका. काऊन केलं लटारू, हे तं बिलकुल इचारू नका, नाईतं त्याच स्टुलानं — जाऊ द्या. उठा. व्हा तिकडं, टेबलापाशी उभे राहा.

चूप. आली ती.