मेलेला माणूस चार नंबरच्या पानावर

वहिनी, बापू, आणि मुरूडच्या या वाचनालयात जागा मिळेल तिथे बसलेल्या, उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी शैला. आपल्या साप्ताहिकात मी बातम्या निवडते, कापते, मथळे देते. जनूभाऊ त्या बातम्यांची पानं लावायचे. त्यांचं टेबल आणि माझं टेबल एकमेकांना चिकटलेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं छाटली, त्यामुळे स्वतःची चार वाक्यं बोलायची म्हटली की जीभ अडखळते. आणि आज जे बोलणार आहे, ते इथल्या काही जणांना आवडायचं नाही. मध्येच मला रडू येईल. मध्येच रागही येईल. दोन्ही सांभाळून घ्या.

मघापासून तिघाचौघांनी सांगितलं, जनूभाऊ फार गोड माणूस. कोण जनूभाऊ? आपले जनार्दन पाटील? अहो, गोड कसले! सकाळी ऑफिसात आले की पहिल्यांदा पंख्यावर चिडायचे, मग संगणकावर, मग माझ्यावर. मी जीव ओतून लिहिलेला मथळा ते एका बोटाने उडवायचे. "शैले, बातमी सांग. आरती नको ओवाळू." कित्येकदा भांडलो. कित्येकदा त्यांचंही चुकायचं, पण कबूल करतील तर शपथ.

आणि सत्काराचे फोटो! इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना जनूभाऊंनी कधी ना कधी फोटोतून कापलेलं आहे. हसताय ना? म्हणजे आठवतंय. एका पुढाऱ्यांचं नुसतं कोपर छापून आलं होतं. ते तावातावाने ऑफिसात आले. जनूभाऊ म्हणाले, "साहेब, हार घालनारे तुम्ही, घेनारा दुसरा. मला घेनारा पायजे होता. कोपर चुकून राह्यला, त्याची माफी मागतो."

असा माणूस. गोड नव्हे. खारट म्हणा फार तर. आपल्या मातीतला.

पण पान सोडायची वेळ झाली की हाच माणूस बदलायचा. पान सोडायचं म्हणजे, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पान छपाईला पाठवायचं. एकदा सोडलं की सोडलं. त्याआधी जनूभाऊ मोठ्या कागदावर प्रत काढायचे, दोन कागद चिकटपट्टीने जोडून. ती प्रत हातात उलटी धरायचे. डोकं खाली, पाय वर. मी नवीन होते तेव्हा विचारलं, जनूभाऊ, उलटं का? म्हणाले, "सुलटं धरलं की डोला वाचत बसतो. उलटं धरलं की बघतो. वजन कुठं पडलंय ते दिसतं." आणि सगळ्या ऑफिसला हुकूम, "आता कोनी बोलायचं न्हाय." चहावाला आला तर तोही दारात थांबायचा. बापू, तुम्ही मालक आणि संपादक, पण तुम्हीही फोन खाली ठेवायचात. मग जनूभाऊ तुमच्याकडे बघायचे. तुम्ही म्हणायचात, "सोड." इतकंच.

या मंगळवारी संध्याकाळी त्यांनी पान एक लावलं. प्रत काढली. म्हणाले, डोळे थकलेत, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघतो, मग सोडू. घरी गेले. बुधवारची सकाळ त्यांनी पाहिली नाही.

त्या पानाविषयी मला बोलायचं आहे.

त्या पानावर वरच्या अर्ध्या भागात एक फोटो आहे. काळेखारचा बांध. खाडीचं पाणी शेतात आणि घरात शिरू नये म्हणून बांधलेला बांध, आणि त्यात पाणी सोडायला-अडवायला असते ती उघाडी. फोटोत उघाडीला दार नाही. नुसतं भगदाड, आणि त्यावर चिखल थापलेला. शेजारी पाटी उभी आहे, काम पूर्ण झाल्याची. हा फोटो त्याच गावच्या एका बाईंनी मोबाइलवर काढून आणून दिला. मी स्वतः जाऊन पाहून आले. चपला हातात घेऊन चालले त्या बांधावरून. पाय आत जातो.

येत्या अमावास्येला उधाण आहे. दर्याकाठची माणसं आहात, उधाण म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. उद्याच्या अंकात हे पान गेलं तर उधाणाआधी बोंब होते. दार बसवायला वेळ मिळतो, निदान बांधाखालच्या घरांतली माणसं वर शाळेत येऊन झोपतात. पुढचा अंक उधाणानंतरचा आहे.

आता काल काय झालं ते ऐका. काल ठरलं की उद्याचं पान एक पूर्ण जनूभाऊंना वाहायचं. काळी चौकट, मोठा फोटो, खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग. काळेखारची बातमी पुढच्या आठवड्यात. कोणी म्हणालं, केवढा मान! आणि हा मान देणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं आहे? त्या बांधाचं काम ज्यांनी केलं, त्यांचं.

ते इथे आलेत. पुढे बसलेत. त्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही, असं म्हणणार होते. पण घेते. खोटं कशाला बोलू? शोकसभेत थोडं खोटं चालतं म्हणतात. जनूभाऊंच्या शोकसभेत चालत नाही.

काय म्हणालात? ही जागा नव्हे? मग कुठली, साहेब? काल ऑफिसात बोलले, तर म्हणे बाई भावनेच्या भरात आहेत, शोकसभेत काय ते बोला. आले शोकसभेत. बोलते आहे. माझं होऊ द्या, मग तुम्ही बोला. माईक हाच आहे.

बापू, मी तुमच्याशी बोलते. तुमच्या मनात काळंबेरं नाही हे मला माहीत आहे. तुमचा जिवाभावाचा माणूस गेला. तुम्हाला त्याच्यासाठी काहीतरी मोठं करायचंय. तुमच्या हातात मोठं असं एकच आहे, पान एक. ते तुम्ही द्यायला निघालात. मी समजू शकते.

पण बापू, मोठे बापू गेले ते आठवा. तुमचे वडील. ज्यांनी हे साप्ताहिक काढलं ते. तेव्हाही आपण सगळे म्हणालो, पान एक. आणि जनूभाऊंनी त्यांना चार नंबरच्या पानावर लावलं. खालच्या बाजूला. पान एकवर काय होतं? एका वाडीची विहीर खराब झालीय, कावीळ पसरतेय, पाणी उकळून प्या. तुम्ही केवढे तापलात! मी कोपऱ्यात उभी होते. तुम्ही म्हणालात, जन्या, माझा बाप गेलाय. आणि हा माणूस ढसाढसा रडत होता, रडत रडत तुम्हाला म्हणाला, "बापू, तुमचे वडील आता कुटं जायचे न्हायत. ते चार नंबरला थांबतील. पान एक मेलेल्यांचं न्हाय. जे अजून वाचतील त्यांचं हाय."

तुम्ही किती तरी दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. पण त्या दिवशी "सोड" तुम्हीच म्हणालात, बापू. त्या वाडीतल्या बायांनी पाणी उकळलं. त्यातल्या काही जणी आज इथे मागे बसल्यात. त्यांना ठाऊकसुद्धा नसेल की त्या आठवड्यात मालकाचा बाप चार नंबरला गेला होता.

मग आज काय बदललं? जनूभाऊ मोठ्या बापूंपेक्षा मोठे झाले का? स्वतःच्या नियमातून स्वतः सुटले का? आणि जो माणूस जन्मभर हार घालणाऱ्यांना फोटोतून कापत आला, त्याच्याच फोटोखाली हार घालणाऱ्यांची रांग लावायची? त्याच्याच फोटोने त्याचंच शेवटचं पान झाकायचं? याला मान म्हणतात?

काल संध्याकाळी मी वहिनींकडे गेले होते. म्हटलं, वहिनी, तुम्ही सांगाल तसं. तुमचा हक्क पहिला. मंदावहिनी, सांगू ना? मान हलवताय, म्हणजे सांगते. वहिनी म्हणाल्या, "फोटो बारका टाका गो. मोटा टाकलात तं त्यो सपनात येऊन माज्यावर बोंबलंल. आनि काळेखारला माजी मावसबहीन ऱ्हाते. तिला कोन सांगनार, पानी येतंय म्हनून?"

याच्यापुढे मी काय बोलू? माझ्याकडे याहून चांगला मथळा नाही.

मी चार नंबरच्या पानावर जागा ठेवली आहे. खालच्या बाजूला. जनूभाऊंचा तो ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात ते फोटोवाल्यावर चिडलेले दिसतात. मजकूर मी लिहिलाय. लांबला होता. त्यांच्या आवाजात स्वतःलाच म्हटलं, शैले, आरती नको, आणि कापला. कापताना खूप रडले.

बापू, मंगळवारची ती प्रत मी आणली आहे. दोन कागद, मधली चिकटपट्टी त्यांच्याच हाताने लावलेली, नेहमीसारखी थोडी वाकडी. शेवटची नजर राहून गेली होती त्यांची. ही मी टेबलावर, त्यांच्या फोटोसमोर ठेवते. छापखान्याची माणसं मागे दारापाशी बसलीत. त्यांना माझा शब्द चालत नाही, तुमचाच लागतो. तुम्ही नाही म्हणालात, तर पान माझ्या हातून काळ्या चौकटीत जाईल. मी नोकर आहे, करीन. पण मग काळेखारला माझ्याबरोबर तुम्हीही चला, आणि त्या घरांना आपण दोघं तोंडी सांगू. होडीतून सांगायची वेळ येण्याआधी.

झालं माझं. आता आपण दोन मिनिटं उभं राहून...

थांबा. बापू उठलेत. त्यांना वाट द्या जरा. साहेब, पाय मागे घ्या, त्यांना जाऊ द्या.

बापू टेबलापाशी आलेत. हार बाजूला केलाय त्यांनी. कागद उचललाय.

उलटा धरलाय.

सगळ्यांनी उभं राहा. आता कोनी बोलायचं न्हाय.