चालू नळाखालचा हिरो

पिच्चरचा विषय निघालाच हाय, तर ऐका. त्या दुष्काळात आमाला पाणी टँकरचं, अन् टँकर साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मेव्हण्याचे. यायचे तवा यायचे. कारखान्यात गाळायला ऊसच नव्हता, म्हणून चेअरमनला सभासदांच्या मनाची काळजी लागली. माणसं खचू नयेत म्हणून त्यानं कारखान्याच्या हॉलात आमाला एक पिच्चर दाखवला. त्यातला हिरो सगळ्यांना एकच इचारायचा, जगण्याला अर्थ काय हाय?

मधीच तो न्हाणीत गेला अन् चालू नळाखाली डोकं धरून इचार करीत बसला. पाणी आपलं वाहतंय, वाहतंय. हॉलात कुणी हालंना. शेवटी माझी कौसाआत्या वरडली, "आरं मुडद्या, खाली बादली तरी लाव."

पुढचा पिच्चर कुणी बघितलाच न्हाई. सगळे त्या नळाचंच बोलत बसले.

संपल्यावर चेअरमननं माइक घेतला. "मग सांगा, एवढं सोसून हिरो जगला कशामुळं?"

आत्या पदर सावरीत उठली. "त्याच्या गावाला पाणी तुमचा मेव्हणा देत न्हाई, त्याच्यामुळं."