शहर मतदारसंघाचं सुटलेलं पोट

प्राध्यापिका : ...आणि इथे बघा, काका. पूर्वेची हद्द कालव्याच्या कडेकडेनं अगदी शहाण्यासारखी येते. आणि इथे एकदम पोट सुटतं!

नकाशेकाका : वयोमानानं सुटतं.

प्राध्यापिका : चेष्टा नको, काका. शहर मतदारसंघ रद्द होऊन सहा वर्षं झाली. त्याचा इतिहास लिहितेय मी, उद्या पुस्तक छपाईला जातंय. या पोटावर माझं बारा पानांचं प्रकरण आहे, ‘सत्ताधाऱ्यांचं कारस्थान’. यावरून परिसंवादात दोन विद्वानांनी एकमेकांची गचांडी धरली होती! आणि काल मूळ नकाशाच्या कोपऱ्यात तुमची सही सापडली. रेषा तुम्ही ओढलीत. का?

नकाशेकाका : हळू बोला हो! ही आत आहे.

काकू : आत नाहीये, चहा घेऊन दारात उभी आहे. कसली रेषा?

नकाशेकाका : काही नाही गं. भूगोल.

काकू : बघू. अगंबाई, हा तर कालवा. आणि ही आमची गल्ली, माझ्या माहेरची! हिच्यापायीच आमचे बाबा पडले हो. ते उभे होते पलीकडच्या मतदारसंघातून. गल्लीतली तीनशे बारा मतं हक्काची, ती कुणीतरी उचलून शहरात टाकली. बाबा नऊ मतांनी पडले.

प्राध्यापिका : नऊ!

काकू : शेवटची दहा वर्षं आमच्याकडे होते. रोज जेवताना त्या रेषा ओढणाऱ्याचा उद्धार. ‘सापडू दे तो गाढव, त्याच्याच पट्टीनं बडवतो!’ आणि हे शेजारी बसून मान डोलवायचे.

नकाशेकाका : एकदा तर मी म्हणालो, गाढव कसला, रेडा आहे रेडा.

काकू : अहो, पण तुम्ही तर म्हणायचात, ऑफिसात मी नुसत्या पेन्सिलींना टोकं करतो.

नकाशेकाका : त्यातलीच एक घसरली.

प्राध्यापिका : घसरून कालव्यापलीकडे गेली, नेमकी एक गल्ली उचलली आणि परत अलीकडे आली?

नकाशेकाका : त्या वर्षी थंडी फार होती.

काकू : अहो!

(काका चष्मा पुसतात. मग पुन्हा पुसतात.)

नकाशेकाका : सांगतो. मोजणीला तुमच्या गल्लीत आलो होतो. मोजायची साखळी ओढली ती नेमकी कुणाच्यातरी धुतलेल्या चादरींवरून.

काकू : माझ्या! तो टोपीवाला मेला तुम्ही होतात?

नकाशेकाका : गच्चीवरून अर्धा तास झाडलंस मला. घरी गेलो तो वेडा होऊनच. पण परत भेटायचं कसं? निवडणुकीत माझी ड्युटी कायम कालव्याअलीकडच्या शाळेत, बोटाला शाई लावायची. म्हटलं, गल्ली अलीकडे आली तर ही मत द्यायला माझ्याच टेबलापाशी येईल.

प्राध्यापिका : म्हणजे कारस्थान नव्हतंच?

नकाशेकाका : होतं की. माझं होतं.

प्राध्यापिका : माझी बारा पानं! अहो, त्या गल्लीच्या मतांवर तीन खासदार ठरले, एकदा सरकार कोसळलं!

नकाशेकाका : सरकारचं मला काय ठाऊक? मला एक बोट धरायचं होतं.

काकू : एक? डाव्या हाताचं झाल्यावर ‘नीट उठली नाही’ म्हणून उजव्या हाताचं मागितलंत. मागे रांग बोंबलत होती.

नकाशेकाका : बाबा उभे राहणार हे कुणाला माहीत होतं गं? त्या गल्लीपायी ते पडले, हे लग्नाच्या बोलण्यांत त्यांच्याच तोंडून कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून एकच धास्ती, तुला कळलं तर तू निघून जाशील. चिडायचं तर चीड, पण बोल काहीतरी.

प्राध्यापिका : काकू, तुम्ही म्हणाल तर नाव गाळते यांचं.

काकू : बाबांना फार लागलं हो ते. निकालाच्या दिवशी जेवले नाहीत, आणि मी नुसती बघत बसले होते. ते काही मी विसरायची नाही.

नकाशेकाका : नकोच विसरू.

काकू : नाव घाला, बाई. खरं ते छापा. नकाशा मात्र चांगला पानभर घ्या, आमची गल्ली नीट दिसली पाहिजे.