ब्रेक लागत नाही

...आणि ब्रेक? ब्रेकसुद्धा काढून टाकला हो! म्हणजे आधी घंटी गेली, मग मडगार्ड, मग स्टँड, तोवर मी गप्प होते, म्हटलं माणसाचं मन रमतंय ना, रमू दे, पण त्या दिवशी कामावरून आले, चपला काढतेय, तर आमचे हे बाहेरच्या खोलीत मधोमध सायकल उलटी करून बसलेले आणि सासूबाईंच्या औषधाच्या ताटलीत ब्रेकची रबरं, तारा, दांड्या, सगळं कसं ओळीनं मांडलेलं, ऑपरेशन झालं की पोटातले खडे काढून नातेवाइकांना दाखवतात ना, अगदी तसं! म्हटलं, "अहो, हे काय?" तर मान वर न करता म्हणतात, "लागत नाही."

ब्रेक लागत नाही! तुम्हाला सांगते, ब्रेक लागत नाही म्हणून दुरुस्तीला गेलेल्या सायकली मी जन्मभर पाहिल्या. लागत नाही म्हणून ब्रेकच काढलेली सायकल पहिल्यांदा पाहिली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आधी श्वास घ्या आणि सुरुवातीपासून सांगा. तर आमचे हे छापखान्यात रंग जुळवायचे. बिस्किटाचा पुडा, औषधाचं खोकं, त्यावरचा लाल आज जो आहे तोच उद्या हवा, परवाही तोच हवा, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं माल नकली! तो लाल रोजच्या रोज तोच ठेवायचा, हे यांचं काम. उभा जन्म तेच केलं. घरी तरी सुटका होती का? मी टोमॅटो आणले की एक उचलून म्हणायचे, "हा जरा निळ्याकडे झुकतोय गं." मी म्हणायचे, "झुकू दे, शिजला की सरळ होईल." हसायचे. तेव्हा हसायचे हो ते... मग छापखान्यात मशीन आलं. ते म्हणे रंग बघतं, मोजतं, जुळवतं, जेवायला जात नाही आणि पाठ धरली म्हणत नाही. मालकांनी यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं पाणी दिलं. मालकानं पाणी ओतलं की समजायचं, आपलं भरलं! आत काय बोलणं झालं ते यांनी सांगितलं नाही. घरी आले, शाईनं माखलेला डगला खुंटीला अडकवला, आणि जे गप्प झाले...

गप्प म्हणजे किती गप्प? आमच्या घरात फ्रीज त्यांच्यापेक्षा जास्त बोलायचा! सासूबाईंनी तर कानातलं यंत्र दोनदा दुरुस्तीला पाठवलं. त्यांना वाटलं, बिघाड यंत्रात आहे. दुकानदारानं परत पाठवलं, म्हणे यंत्र उत्तम आहे. सासूबाई म्हणाल्या, "मग मुलगा दाखवून आण कुठेतरी."

तर एका संध्याकाळी मी यांना दूध आणायला पाठवलं, ते आले कधी, दूध नासायच्या बेतात असताना! दारातूनच म्हणतात, "अगं, पाय टेकत नाहीत ती!" कित्येक आठवड्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. "कोण हो?" तर चौकात म्हणे सायकलवाली पोरं येतात, सिग्नल लाल झाला तरी पाय जमिनीला लावत नाहीत, जागच्या जागी पुढे-मागे, पुढे-मागे, सायकलवर उभी! हे त्यांच्यासमोर दुधाची पिशवी धरून सिग्नलमागून सिग्नल उभे. मला इतका आनंद झाला, म्हटलं बोलले बाई एकदाचे. मला काय ठाऊक, आनंदालाही ब्रेक लागतो!

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुनी सायकल खाली आली. लग्नाआधीची. हिच्याच कॅरिअरवर बसून मी यांच्याबरोबर गावभर फिरले, घरच्यांना सांगायचे मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. तर ती सायकल घेऊन हे गेले नाक्यामागच्या सायकलवालीकडे. सायकलवाली म्हणजे पोरगेली बाई, केस बारीक कापलेले, कोपरापर्यंत ग्रीस, बोलते अशी की समोरच्याला वाटावं आपणच वेडे. मी विचारायला गेले तर म्हणते, "काकू, सोप्पंय! साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, बरोबर? ही फिक्स्ड गिअर. हिचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतार असो, काही असो. नुसतं बसून राहायचं नाहीच!"

म्हटलं, "आणि थांबायचं कसं?"

"पायांनी! मागे दाब द्यायचा, चाक थांबतं."

"आणि पाय कधी थांबतात?"

"चाक थांबलं की!"

म्हटलं, बाई गं, हे तर आमच्या घरासारखंच झालं, सासूबाई थांबल्या की मी थांबेन आणि मी थांबले की सासूबाई! ती हसली. "पण काकू, एक ब्रेक तरी ठेवा म्हणून मी काकांना दहादा सांगितलं. काका म्हणतात, लागत नाही."

मग काय, जे दिसेल ते लागत नाही. चेनीचं कव्हर? लागत नाही. हँडल? लागतं, पण एवढं लांब लागत नाही, म्हणून दोन्हीकडून करवतीनं कापलं. कॅरिअर काढायला बसले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, मग मी कुठे बसू?"

पाना फिरवत म्हणाले, "तू बसतेस कुठे आता?"

खरंच आहे हो. वीस वर्षांत नाही बसले. पण न बसणं वेगळं आणि बसायची जागाच काढून टाकणं वेगळं, नाही का?

मग आला रंग. सायकल खरवडून उघडी केली आणि माझ्या स्वयंपाकघरात डबे मांडले. कुठला रंग म्हणाल? करडा! आता करड्यात जुळवायचं काय? पण नाही, यात थेंबभर निळा, त्यात चिमूटभर पिवळा, पातेल्याच्या बुडावर एक पट्टा, खिडकीच्या चौकटीवर एक पट्टा, सासूबाईंच्या काठीवर एक पट्टा... सासूबाई म्हणाल्या, "मीच राहिलेय, मलाही फिरव हात." हे सकाळच्या उजेडात बघायचे, मान हलवायचे, पुसायचे, पुन्हा कालवायचे. मी एकदा विचारलं, "कशाशी जुळवताय एवढं?"

म्हणाले, "कशाशीच नाही."

मी भाजी ढवळत राहिले.

बरं, हे सायकलीवर थांबलं असतं तर मी तुमच्यापुढे आले असते का? ते घरात शिरलं! भिंतीवरचं घड्याळ खाली. का? लागत नाही. कोपऱ्यातलं टेबल सायकलवालीला दिलं. का? लागत नाही. कामाचे शर्ट, चांगले इस्त्रीचे, सगळे बोचक्यात बांधून वॉचमनला. जेवणात आधी गोड गेलं, मग रात्रीचा भात गेला. घर रिकामं होत चाललं, आणि तुम्हाला सांगते, मला भीती वाटायला लागली. हसू नका! हे खोलीत आले आणि सावकाश इकडेतिकडे बघायला लागले की मी झटकन हातात काहीतरी घ्यायचे. केरसुणी म्हणा, पातेलं म्हणा, निदान उशीचा अभ्रा. म्हणजे दिसावं, की ही लागते.

आता ऐका चौकातलं. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, समोर मोठा गोल चौक, मधे कारंजं, पाणी नसलेलं. संध्याकाळी सुटले, बसच्या रांगेत उभी आहे, तर वरच्या उतारावरून काय येतंय! आमचे हे! करडी सायकल, एवढुसं हँडल, आणि पाय असे फिरताहेत, शिलाई मशीनची सुईसुद्धा म्हणेल जरा दमानं! मी ओरडले, "अहो, थांबा!"

"थांबता येत नाही!" आणि गेले की पुढे! कारंज्याला वळसा घालून पुन्हा आले.

म्हटलं, "दाब द्या ना मागे!"

"पाय ऐकत..." गेले. वळसा. "...नाहीत!"

रांगेतला एक गृहस्थ म्हणतो, "ताई, तुमचे कोण?" म्हटलं, ओळखीचे आहेत.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला वेग जरा उतरला. आता थांबतील म्हटलं, तर थांबेनात! थांबता येत होतं, तुम्हाला सांगते, मला त्यांच्या पायांकडे बघून कळलं, आता थांबता येत होतं, आणि हे थांबत नव्हते. पोलीस शिट्टी फुंकतोय, मोटारवाले कोकलताहेत, आणि मी रस्त्याच्या कडेला. ओरडले, "घरी चला! काय चाललंय तुमचं?"

"घरी कुठे..." वळसा. "...बसू मी?"

"हा काय प्रश्न झाला? खुर्ची आहे ना!"

"मालकांनी पण..." वळसा. अख्खा वळसा मी श्वास धरून. "...खुर्ची दिली होती!"

पुढच्या फेरीला स्वतःच म्हणाले, हळू, पण मला ऐकू आलं. "म्हणाले, तुमच्याबद्दल आदर आहे फार..." गेले. कारंज्यामागे दिसेनासे झाले, पुन्हा दिसले. चेहरा घामानं निथळत होता, घामच होता असं आपण धरू. "...पण आता माणूस लागत नाही."

असं म्हणाले होते त्यांना. उभ्या जन्माचा लाल त्या छापखान्याला दिला होता हो यांनी. आणि ते वाक्य हा माणूस एकटा तोंडात धरून बसला होता इतके महिने, गिळवेना आणि थुंकवेना.

मी रस्त्यात उतरले. म्हटलं धरतेच हाताला. तेवढ्यात बस वळली, ह्यांनी मला चुकवलं, बसला चुकवलं, आणि कठड्यावरून थेट कोरड्या कारंज्यात! धावत गेले तर हे पाठीवर पडलेले, आकाशाकडे बघताहेत, आणि शेजारी सायकल आडवी, चाक फिरतंय आणि त्याबरोबर पायडलं गरगर फिरताहेत, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की माणूस पडला म्हणून.

गळ्याखालचं हाड मोडलं. जुळलं, पण तिरकं जुळलं. रंग जुळवणाऱ्याचं हाड जुळू नये, बघा! डॉक्टर म्हणाले, "या खांद्यावर भार चालणार नाही. सायकल आता विसरा." हे "बरं" म्हणाले. आणि घरी येऊन पुन्हा गप्प. फ्रीज पुन्हा बोलायला लागला. सायकल भिंतीपाशी उलटी ठेवलेली, हे समोर बसायचे आणि एका बोटानं पायडल फिरवायचे. चाक फिरायचं. बोट काढायचे. तरी थोडं फिरायचं.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, ही त्या सायकलवालीला परत देऊन येते, लागत नाही! मी पुढे सायकल ढकलत, हे मागे दुखरा खांदा सांभाळत, एक शब्द नाही. शाळेच्या मैदानापाशी आलो आणि मला असा काही संताप आला, कुणाचा ते विचारू नका, मशीनचा, मालकाचा, यांचा, त्या कापलेल्या हँडलचा... मी टांग टाकली आणि बसले! शाळेत असताना चालवली होती, त्यानंतर आत्ता! चार हात गेले, सवयीनं पाय थांबवायला गेले तर त्या पायडलनं मला अशी उचलली, गाढव लाथ मारतं तशी! आणि मागून आवाज आला, "अगं पाय सोडू नकोस! फिरवत राहा! पाठ वाकव! अगं समोर बघ, चाकाकडे काय बघतेस, चाक कुठे पळून जातंय का!"

मी फिरवत राहिले. हे मैदानाच्या मधे उभे, आणि बोलताहेत. आधी माझे वाभाडे काढले, मग चेन सैल आहे म्हणाले, मग छापखान्यातली पहिली नोकरी, मग वस्तादानं शाई बोटावर घासून ओळखायला शिकवली ते, मग आईला आता किती कमी ऐकू येतं ते, मग तिला घड्याळ लागतं, उद्या परत टांगतो... धाप लागून मी उतरले. हे गप्प. आम्ही घरी आलो, गप्पच.

दुसऱ्या संध्याकाळी मी मुकाट्यानं सायकल बाहेर काढली. सायकलवालीकडून आधी पुढचा ब्रेक बसवून घेतला, हे काही बोलायच्या आत म्हटलं, मला लागतो! तेव्हापासून रोज मैदान. कौतुक? नाव नाही! "म्हशीसारखी वळतेस" म्हणाले परवा. सगळी शाळा बघते, दवाखान्यात मला आता सर्कसबाई म्हणतात. हे काही बरे झालेत असं नाही हो, घरी तोंड मिटलेलंच असतं, रात्री छताकडे बघत जागे असतात, मला कळतं. पण मी फिरतेय तोवर बोलतात. तेवढंच.

आता माझे गुडघे गेले. परवा डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, म्हणाले, "बाई, झीज झालीय, सायकल बंद करा, नाहीतर गुडघे बदलावे लागतील."

म्हटलं, डॉक्टर, गुडघेच बदला. नवरा बदलायचं आता वय राहिलं नाही.